गाल फुगवा, मास्तर

न्हावी म्हटला की तो गिऱ्हाइकाला 'या साहेब' म्हणतो, पंखा त्याच्याकडे वळवतो, गावच्या चार बातम्या कानात घालतो. आमच्या पार्से गावच्या तिठ्यावरचे न्हावीकाका मात्र गिऱ्हाइकाच्या तोंडावर 'शी' म्हणायचे. मनातल्या मनात नव्हे, बाकावर बसलेल्या तिघांना ऐकू जाईल असे. गळ्याभोवती फडके बांधलेला, गालांवर फेस चढलेला माणूस पळून पळून जाणार कुठे? तो असा अडकला की ते त्याच्या तोंडाजवळ वाकत, नाक आक्रसत आणि म्हणत, "शी! ह्या तोंड आसा काय गटार?"

सारा गाव त्यांना फुगयकाका म्हणे. तरुणपणी नदीपलीकडच्या सातार्ड्याहून ते इकडे आले. वस्तरा गालावर टेकवण्याआधी त्यांचा एक हुकूम ठरलेला असे, "गाल फुगय." गाल फुगवला की कातडी ताणते आणि वस्तरा सरळ चालतो, एवढीच त्यातली कारागिरी. पण इतकी वर्षे इतके गाल हाताखालून गेल्यावर काकांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. गुटखेवाल्यांचे गाल फुगत नाहीत. आतून ताठ झालेले असतात, आणि जांभई आली तरी तोंडात तीन बोटे जात नाहीत.

असा गाल बोटाखाली आला की काका वस्तरा खाली ठेवत. फेस तसाच वाळत ठेवून चौकशी सुरू होई. आत पांढरे पडले आहे का, लाल झाले आहे का, कुठे फोड आहे का, असला तर किती दिवसांचा? "पंधरा दिवसांत भरली नाय तर ती जखम न्हय. दाक्तराक दाखय," हे त्यांचे ठरलेले वाक्य. कुणी विचारलेच, "मग काय आसा ता?" तर ते चिडत. "नाव ठेवूचा काम आपला न्हय. ता दाक्तर ठेयत. तू नुसतो जा." त्यांच्या सांगण्यावरून गेलेले दोघे-तिघे आज गावात धडधाकट हिंडतात. त्यातला एकही त्यांचे नाव काढत नाही, कारण नाव काढायचे तर गुटख्याचेही काढावे लागेल.

आणि तो तिठा! त्याचे वर्णन करायचे तर आधी नाकाला रुमाल लावायला हवा. वडाच्या बुंध्यापासून बसथांब्याच्या भिंतीपर्यंत सगळे तांबडे. पावसाळ्याचे चार महिने धो धो पाणी पडूनही ते जात नाही. गुटख्याला बंदी आहे, म्हणजे तो काउंटरवर न मिळता काउंटरखाली मिळतो. त्या तिठ्यावर सकाळपासून बसलेली माणसे, अर्धे तोंड वर करून, पिंक सांभाळत, हुं हुं करत बोलतात. आसपासच्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्यापासून ही गर्दी वाढली. मीही चोरून तेच खात होतो, म्हणून किळस जरा जास्त येते.

त्या गर्दीतच माझा दोस्त बाबलो होता. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे मी मास्तर झालो आणि त्याने डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवला. रात्रंदिवस खेपा मारताना झोप येऊ नये म्हणून त्याने पुडी धरली. खेपा संपल्या, पुडी राहिली. एकदा त्याने काकांच्या पायरीशेजारच्या जास्वंदीवर पिंक टाकली. काकांनी त्याला अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत उठवले, तांब्या हातात दिला आणि एकेक पान धुवायला लावले. बाबलो हसत हसत धूत होता. तो कुणाचाच राग धरत नसे. "काका, फुलांकय धुवू?" असे त्याने विचारले, तेव्हा काकांनाही हसू आवरले नाही.

काका इतके का चिडतात, हे मला एका दुपारी कळले. दुकानात आम्ही दोघेच होतो. वस्तरा पट्ट्यावर घासता घासता ते आपणहून बोलले. "माजो मोठो भाव. दीड वर्स मी माज्या हातान त्येची दाढी केलंय. बोटाक गाठ लागत होती. म्हटलंय, दाढ सुजली आसतली. तोंडाक वास येय. पण मोठ्या भावाक कसा सांगतलंय, तुजा तोंड घाण मारता म्हणान? गप रवलंय. गेलो तो." मग वस्तरा मिटून ते म्हणाले, "मी त्येचो मान राखलंय, मास्तर. शी!" ती शी त्यांची स्वतःलाच होती.

आता माझ्याविषयी. मी शाळेत विज्ञान शिकवतो. तंबाखूविरोधी शपथ दरवर्षी मीच देतो. मुले हात पुढे करून माझ्यामागून म्हणत, आणि माझ्या पँटच्या खिशात पुडी असे. शपथ संपली की मी प्रयोगशाळेत जाऊन दार लावून घेई. हे लिहिताना मला माझीच ओकारी येते, पण काकांचे चित्र काढायचे तर ते माझ्या घाणीवाचून पुरे होणार नाही.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी मी दाढीला बसलो. बाकावर माझ्या वर्गातल्या दोन मुलांचे बाप होते. काका म्हणाले, "गाल फुगवा, मास्तर." मी फुगवला. म्हणजे मला तसे वाटले. आरशात पाहिले तर डावा गाल फुगला होता आणि उजवा होता तसाच. काकांनी बोट लावले, ओठ बाजूला ओढून आत पाहिले आणि मोठ्याने म्हणाले, "शी! मास्तर, तुमीपण? दाक्तराक दाखवा आधी." बाकावरचे दोघे हसले. मी अर्धा फेस पुसला आणि तरातरा निघून आलो.

पेडण्याच्या बाजारात तेव्हा नवे सलून निघाले होते. थंडगार हवा, चारी बाजूंना आरसे, टीव्ही. तिथला मालक गालाला हात लावी, वास घेई, सगळे ओळखी आणि गोड हसून विचारी, "मसाज करूं सर?" मी बाबल्यालाही तिकडे ओढले. त्याच्या मनात नव्हते. "काका काय वायट सांगणत नाय रे," असे तो म्हणालाही. मी म्हटले, "त्या म्हाताऱ्याच्या तोंडाक लागूचा कशाक? तू माज्यावांगडा चल." तो आला. काकांनी आम्हांला बसमध्ये चढताना पाहिले आणि मान फिरवली. नंतर ते कुणाला तरी म्हणाले म्हणे, "गिऱ्हाईक तुटला तरी चलात, गाल रवाक व्हयो."

पुढे श्रावण आला आणि माझी सोयच झाली. आमच्याकडे श्रावण पाळणारा गणपती जाईपर्यंत दाढी करत नाही. मासे बंद, दारू बंद, वस्तरा बंद. गुटखा मात्र शाकाहारी, तो चालू! दाढी वाढली तसा माझा गाल सगळ्यांच्या नजरेआड गेला. आत पांढरा चट्टा होता, त्याच्या कडेला एक फोड आला होता आणि आमटीचा घोट घेतला तरी तोंडात निखारा फिरवल्यासारखे होई. मी तिखट सोडले. घरात वाटले, मास्तर यंदा व्रत कडक पाळताहेत. सासूबाईंनी तर कौतुकही केले. असा देवभोळा जावई!

चवथीच्या दुसऱ्या दिवशी काका माझ्या घरी आले. चवथीला गणपतीच्या पाया पडायला कुणीही कुणाच्या घरी जातो. भांडण असले तरी त्या दिवसांत दार बंद करता येत नाही. बायकोने त्यांना माझ्याशेजारीच पान वाढले. खतखते, आळसांद्याची उसळ, भात. मी भातावर दूध घेतले. काका जेवता जेवता माझ्या पानाकडे बघत होते. मग हात थांबवून त्यांनी बायकोला विचारले, "वैनीनू, मास्तर तिखट कधीपास्ना खाणत नाय?"

"श्रावण लागलो तेवापास्ना सोडल्यानी. यंदा खूप कडक पाळतत," बायको कौतुकाने म्हणाली.

काका उठले. हात धुऊन आले, माझ्यासमोर बसले आणि गणपतीसमोर, बायकोसमोर, सासूबाईंसमोर म्हणाले, "गाल फुगवा, मास्तर."

मला रडू आले. ते मी लपवू शकलो नाही. काकांनी बायकोला सगळे सांगितले, एकही शब्द मऊ न करता. विसर्जन झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकान बंद ठेवून माझ्याबरोबर मोठ्या इस्पितळात आले. रांगेत माझ्या शेजारी बसून समोरच्या भिंतीवरच्या पिचकाऱ्या मोजत होते आणि दर पिचकारीला शिव्या देत होते. तुकडा काढला, तपासायला गेला. कॅन्सर होता, पण लहान. "वेळेत आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गालाच्या आतला भाग कापून काढला. उजव्या बाजूला मी आजही नीट चावू शकत नाही, पण मी आहे.

इस्पितळातून मला घरी आणले त्या दिवशी काका खाटेशेजारी बसून म्हणाले, "बाबल्याचोय गाल तसोच आसा. चवथीक त्येच्याकडे जातलो होतंय, पण त्येंच्या भावकीत सुतक पडला आणि माज्या घराक गणपती. कसो जातलंय? आता तुमीच सांगा त्येका. माजा आयकूचो नाय, माज्याकडे येणा बंद केल्यान त्येणा. तुमचा आयकता." मी मान डोलावली.

चार दिवसांनी बाबलो स्वतःच आला. हातात केळ्यांची फणी. माझ्या सुजलेल्या गालाकडे तो किती तरी वेळ बघत राहिला. त्याच्या तोंडाला वास होता. मला आता तो ओळखू येत होता.

"काय झाला रे मास्तर?"

बाहेरच्या खोलीत शाळेतले दोन शिक्षक बसले होते. शपथ देणाऱ्या मास्तरला गुटख्याने कॅन्सर झाला, हे बाबल्याच्या तोंडून त्यांच्या कानावर जाऊ द्यायचे नव्हते. बायकोलाही मी तसे बजावून ठेवले होते. मी कागदावर लिहिले, 'अक्कलदाढ. ऑपरेशन करावे लागले.'

बाबल्याने ते वाचले आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मगे बरा," तो म्हणाला. "माजीपण दाढच आसतली. महिनो झालो ठणकता. मी उगीच भिलंय." केळी उशाशी ठेवून, माझ्या पायाला थोपटून तो गेला. मी त्याला हाक मारली नाही. तोंडाला पट्टी होती हे खरे. पण हातात पेन होते, कागदही होता.

शिमग्यापर्यंत बाबल्याच्या गालाला बाहेरून भोक पडले. मोठ्या इस्पितळात त्यांनी जे करता येईल ते केले, पण आता फार पसरले आहे म्हणाले. पुढच्या चवथीच्या आधी तो गेला. स्मशानात नेण्याआधी त्याची दाढी करायला काकांना बोलावले. उरलेल्या गालावरून त्यांनी अगदी हळू वस्तरा फिरवला. घरी जाऊन त्यांनी वस्तरे फडक्यात गुंडाळले, आणि त्या आठवड्यात दुकान मोडून सातार्ड्याला निघून गेले. लोक म्हणाले, म्हातारा कंटाळला. लोकांना काय, तिठ्यावर थुंकायला एक पायरी आणखी मोकळी झाली.

गेल्या मे महिन्यात काकांनी अंथरूण धरले असे कळले, म्हणून मी नदी ओलांडून गेलो. पडवीत खाटेवर होते, अगदी वाळलेले. मला ओळखले. हात वर करून माझा उजवा गाल चाचपला आणि "बरो आसा" म्हणाले. आमचे इकडचे-तिकडचे बोलणे झाले. त्यांच्या लेकीने चहा आणला. ती आत गेल्यावर त्यांनी माझे मनगट धरले.

"मास्तर, एक विचारू? मी सुतकाचो विचार करीत बसलंय. गेलो आसतंय तर वाचलो आसतो तो. ता माका सोडणा नाय. पण तुमी तरी सांगितलास मां बाबल्याक? तुमका काय झाला ता?"

त्यांच्या डोळ्यांकडे बघून खरे सांगायला जे लागते, ते माझ्यात कधीच नव्हते.

"होय काका," मी म्हणालो. "सांगलंय. त्येणा आयकल्यान नाय."

त्यांची बोटे सैल झाली. "आयकल्यान नाय," ते पुटपुटले. "मगे काय करतलास तुमी." आणि कितीतरी वर्षांचे ओझे उतरल्यासारखे त्यांनी डोळे मिटले. पंधरा दिवसांत ते वारले.

मी बाबल्यावर खोटे घातले, आणि त्या खोट्यावर फुगयकाका शांत झोपले. बाबल्याने ऐकले असते. एक ओळ लिहून दिली असती, तर तो दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने गेला असता. लहानपणापासून तो माझे सगळे ऐकायचा.