सटवाईच्या कागदावर

आमची वरची मास्तरीण रिकाम्या हातानं बसलेली ज्यानं कुणी पाहिली असेल, त्यानं माझ्या घरी यावं, मी त्याला पुरणपोळीचं जेवण घालीन. आजवर कुणी आलेलं नाही. ती आमच्या माडीवर भाड्यानं राहायची. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लासचे बोर्ड लागत होते आणि जिथं म्हशी बांधायचे तिथं शिकायला आलेल्या पोरांच्या खोल्या निघत होत्या. तशाच एका क्लासमध्ये ती दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांना विज्ञान शिकवायची. नवरा नांदेडला कचेरीत. शनिवारी यायचा, रविवारी जायचा. बाकीचे दिवस ती वर आणि मी खाली. मी चौथी शिकलेली बाई, मला लिहायला कुणी सांगितलेलं नाही. पण तिच्याविषयी गल्लीतले लोक अजून हसत हसत काहीबाही सांगतात आणि त्यातलं निम्मं चुकीचं असतं, म्हणून लिहिते.

हसण्यासारखं ती पुष्कळ करायची, ते नाकारत नाही. अंबाड्यात कायम लाल पेन खोचलेला. भाजी निवडताना समोर उत्तरपत्रिका उघडी, दूध तापत ठेवलं तरी हातात उत्तरपत्रिका, त्यामुळे दूध रोज उतू जायचं आणि पोरांच्या उत्तरांवर सायीचे डाग पडायचे. बोलणंसुद्धा परीक्षेतल्यासारखं. जिन्यातून खाली येऊन मला विचारायची, "मावशी, आज भाजी कोणती? अ, वांगं. ब, शेपू. क, पिठलं. ड, यांपैकी नाही." मी म्हणायची, "ड. आज मी उपाशी हाय, चल जा." ती खरंच "ड" म्हणत वर जायची आणि थोड्या वेळानं माझ्यासाठी खिचडी घेऊन यायची, करपलेली.

पण हे काहीच नाही. तिची खरी खोड वेगळी होती. तिला फुकट काही घेता येत नसे. मी वाटीभर आमटी दिली तर ती वाटी कधी रिकामी परत आली नाही. कधी त्यात शेंगदाणे, कधी चार मिरच्या, एकदा काही नव्हतं तर खडूचे तुकडे. बाजारात भाजीवाल्यानं वर कोथिंबीर टाकली की ही ती उचलून परत त्याच्या पाटीत ठेवायची. तो पुन्हा टाकायचा, ही पुन्हा काढायची. शेवटी तो भडकला. "ओ मॅडम, कोथमीर हाय ती! वावर न्हाई लिहून देत तुमच्या नावावर!" चारचौघे हसले. मी शेजारी पिशवी धरून उभी. जमीन फाटली असती तर बरं, असं वाटलं.

संक्रांतीला समोरच्या वकिलीणबाईंकडं हळदीकुंकवाला मी तिला घेऊन गेले, ती माझी चूक. वाण म्हणून सगळ्यांना प्लॅस्टिकचा डबा होता. हिनं डबा हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि परत दिला. "मला नको, माझ्याकडं आहे." वकिलीणबाईंचं तोंड कुंकवापेक्षा लाल झालं. मी पायाच्या बोटांकडं बघत बसले. परत येताना मी तिला चांगली झापली. "वाण परत करतेत का गं? ती काय उसनवारी हाय?" तर म्हणते, "मावशी, रांगेत उभं राहून काही घ्यायचं म्हटलं की माझे पाय मागं येतात." मला वाटलं, शिकलेल्या बाईचं काहीतरी नवीन खूळ.

ती किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यातली. भूकंपात तिचं घर गेलं, घरातले सगळे गेले. ही तेवढी अंगणात झोपली होती म्हणून राहिली. पुढं लातूरच्या वसतिगृहात राहून शिकली. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही कणीक मळता मळता. भूकंपापासून ती दाराला कडी लावत नसे आणि फळीच्या अगदी कडेला स्टीलचा पेला पालथा ठेवत असे. जमीन हलली की पेला पडेल आणि आपल्याला कळेल, हा हिशेब. एकदा भरदुपारी शेजारच्या प्लॉटवर बोअरची गाडी लागली. यंत्र सुरू झालं आणि पेला पडला. घरी शंका विचारायला आलेली दहा-बारा पोरं हिनं हाकत रस्त्यावर काढली, समोरच्या खोल्यांतली काढली, वकीलसाहेबांना जेवणाच्या ताटावरून उठवलं, आणि मला तर न्हाणीघरातून ओढून काढलं. डोक्याला शिकेकाई, अंगावर ओला परकर. सगळी गल्ली मला बघत होती आणि ही ओरडत होती, "मावशी, भिंतीपासून लांब!" बोअरवाला म्हातारा मशीन बंद करून म्हणाला, "काय झालं बाई? पानी तर अजून लागलंच न्हाई." आठवडाभर मी दळण आणायलासुद्धा बाहेर पडले नाही.

अशा बाईला दिवस राहिले. क्लासच्या सरांनी तिला तीन महिन्यांची पगारी रजा दिली. त्या वेळी खासगी क्लासात असं कोण देत होतं? बायका ऐकून तोंडात बोट घालायच्या. हिला मात्र लाजेनं घास गिळवेना. "मावशी, काम न करता पगार कशाचा?"

"बाळंतपणाचा."

"ते काय काम आहे?"

"करून ये, मग सांग मला," मी म्हटलं.

त्यात एक दिवस सर स्वतः निकालाचे पेढे घेऊन आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "मॅडम, सक्ती नाही. घरबसल्या झेपलं तर आठवड्याला एक सराव पेपर काढून द्या. पोरांना तुमच्या प्रश्नांची सवय आहे. बारशाच्या आत सांगा, नाहीतर दुसऱ्या मॅडमना विचारतो. मग पुढं ती बॅच त्यांच्याकडंच राहील, तेवढं बघा." सर गेले आणि हिचं सुरू झालं. नवरा नको म्हणाला. मी नको म्हणाले. बॅच हातची गेली तर काय, याची भीती एकीकडं. पण खरं दुखणं दुसरंच होतं. "नुसतं पडून खायचं म्हणजे..." इथवर बोलायची आणि थांबायची. रोज सकाळी जिन्यातून तेच. "मावशी, अ, हो म्हणू. ब, नाही म्हणू. क, सव्वा महिन्यानंतर बघू." मी म्हणायची, "ड. आधी बाळंत हो."

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. तिला माहेर उरलं नव्हतं. म्हणून माझ्या खालच्या खोलीत बाज टाकली. मी काही तिची कुणी नव्हते, पण जिना चढत-उतरत बाळंतिणीचं सगळं करणं माझ्या गुडघ्यांना झेपलं नसतं. मुलगी झाली. अर्धापूरहून सासू आली. सोबत डिंक, शेपा, केळीचे दोन घड आणि स्वतःचा आवाज. केळी बाळंतिणीला चालत नाहीत, पण केळीच्या अर्धापूरहून बिनकेळीचं यायची तिला लाज वाटली असावी. केळी आम्हीच खाल्ली.

पाचव्या रात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळी त्याचं आयुष्य लिहून जाते, असं आमच्याकडं मानतात. तिच्यासाठी पाट्यावर हळदकुंकू वाहून दिवा लावतात आणि कोरा कागद नि पेन ठेवतात. सासूनं सगळं साग्रसंगीत मांडलं. कागद मास्तरणीच्या गठ्ठ्यातून घेतला, चांगला रेघांचा. पेन मात्र घरात लालच सापडला. सासू म्हणाली, "लालच बरा. कुकवावानी दिसंल."

सकाळी मी चूल पेटवत होते तर सासूची आरोळी आली. "अगं बया बया! सटवाईनं लिहिलं! पानभर लिहिलं!" मी गेले तर ती कागद दोन्ही हातांवर धरून उभी, डोळ्यांतून पाणी. तिला अक्षर येत नव्हतं. आरोळी ऐकून बायका जमल्या, वकिलीणबाईही आल्या. सासूनं कागद माझ्यापुढं धरला. "तुमी शिकलेल्या हाव. वाचा."

मी चष्मा लावला आणि विचार न करता मोठ्यानं वाचलं. "प्रश्न पहिला. योग्य पर्याय निवडा."

बायकांनी हात जोडले. "म्हंजे काय म्हनली?" सासूनं विचारलं.

"मानवी हृदयाला किती कप्पे असतात? अ, दोन. ब, तीन. क, चार."

वकिलीणबाई म्हणाल्या, "डॉक्टर होणार हो पोरगी! स्वच्छ लिहिलंय."

सासूनं पदर डोळ्यांना लावला. "फुडं बघा. लगीन कुठं हाय, नांदेडात का लांब?"

"पुढं बेडकाचं हाय," मी म्हणाले.

तोवर मला अक्षर ओळखू आलं होतं. मागं बाजेवर काहीतरी करकरलं. मास्तरीण उठून उभी राहिली होती, कानाला बांधलेलं फडकं सुटलेलं, लेक छातीशी. "आत्याबाई," ती म्हणाली, "ते मी लिहिलंय. कोरा कागद समोर होता. हातानं कधी लिहिलं ते कळलंच नाही."

बायका एकेक करून निघाल्या. अंगण ओलांडेपर्यंत त्यांनी हसू धरून ठेवलं, पुढं धरवलं नाही. माझ्याच घरात, मीच ते मोठ्यानं वाचलेलं. कानशिलं गरम झाली माझी.

सासू मात्र हसली नाही. "देवीच्या कागदावर? कामून गं? आता तिनं कुठं लिहावं? माझ्या नातीनं काय बेडूक घिऊन जलम काढावा का? बोल ना, काय करून राहिलीस तू?"

मास्तरीण खाली मान घालून बोलायला लागली. पर्याय वगैरे काही नाही, सरळ बोलली. "पगार चालू आहे आणि मी पडून आहे. मला ते मदतीचं खाल्ल्यासारखं वाटतं. भूकंपानंतर आम्हाला रांगेत उभं करायचे. एकाला एक ब्लँकेट. मी दोन मागितली. एक माझं, एक आईचं. आई गेली होती, मला माहीत होतं. तरी मागितलं. मागची बाई ओरडली, हिची आई मेलीय, लबाड हाय पोरगी. देणाऱ्यानं तरी दोन दिली. म्हणाला, घे, मदतीचंच आहे." मग म्हणाली, "सरांना पेपर दिला असता तर फुकटचं झालं नसतं. एवढंच."

मला तिच्याकडं बघवेना. कोथिंबीर, वाण, मिरच्या घातलेल्या वाट्या, सगळं एकदम आठवलं. चुलीवर काही नसताना मी चूल फुंकायला गेले.

सासूनं हातातला कागद उलटा केला. "हिकडून कोरा हाय की," ती म्हणाली. "सटवाई काय एकाच अंगानं लिहिती? आज पुन्ना ठिवू. उशिरा आली तर आली, तिलाबी लई घरं फिरावं लागतेत." तिनं कागद पाट्याखाली सरकवला, पेन मात्र स्वतःच्या कमरेला खोचला. आणि बाजेकडं न बघता म्हणाली, "आन् ह्याला आमच्याकडं मदत म्हनत न्हाईत. बाळतपन म्हनतेत. पड आता."

बारशाच्या आधी सर आले. मास्तरीण बाहेर आली नाही, दाराच्या आडून बोलली. "सर, मी बाळंतपणात आहे. पेपर नाही जमणार." आवाज असा, की जणू दोन ब्लँकेटं घेऊन पळताना कुणी हात धरलाय. सर चांगुलपणानं म्हणाले, "बरं बरं, मॅडम. एखादा तयार असेल तर तेवढा द्या."

सासू म्हणाली, "येक हाय. पन त्यो सटवाईकडं तपासायला गेलाय."

बॅच दुसऱ्या मॅडमकडं गेली. रजा संपल्यावर हिला आठवीची लहान बॅच मिळाली. ती कुरकुरली नाही, पण पहिल्या दिवशी क्लासातून आली ती जिन्यावरच बसून राहिली. पुढं दोन वर्षांनी नवऱ्याकडं नांदेडला गेली. जाताना मी तिला एक साडी दिली. तिनं घेतली. त्या बदल्यात काही दिलं नाही. मी मुद्दाम वाट पाहिली.

आता तिची लेक लातुरात अकरावीला आहे, क्लाससाठी माझ्याकडंच राहते. त्याच खालच्या खोलीत. मध्यंतरी माझ्या ट्रंकेत तिला तो कागद सापडला. पुढची बाजू वाचून "सोप्पंय" म्हणाली, मागची बाजू पाहिली आणि परत ठेवून दिला. मागं अजून काही लिहिलेलं नाही.

परवा रविवारी नांदेडहून फोन आला. म्हातारपणानं माझ्याशी आता जोरात बोलावं लागतं. "काय करतीय ती?" मास्तरणीनं विचारलं. मी खोलीत डोकावले. पोरगी बाजेवर उताणी, पाय भिंतीला लावलेले, हातात काही नाही, छताकडं बघत होती. वाटीभर शेंगदाणे मी दिलेले, सगळे खाऊन वाटी तशीच रिकामी जमिनीवर टाकलेली.

"काही न्हाई करत," मी म्हणाले. "नुसती पडलीय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पडू द्या, मावशी," ती म्हणाली.