शेजारची जागा

शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात तिला सगळे काजवाली म्हणत. बाकीच्या बायका मशीनवर असत. ही खिडकीपाशी स्टुलावर बसून हाताने काजं करायची, बटणं लावायची. बोलणं बेताचं. मास्तर गमतीने म्हणायचा, हिच्या तोंडात दिवसभर दोरा असतो म्हणून बरं, माझ्या बायकोलाही हेच काम लावायला हवं. ती हसायची, पण ओठ मिटूनच, कारण दातांत खरोखरच दोरा असायचा.

तिचा मुलगा कापड रंगवण्याच्या कारखान्यात लागला तेव्हा घराला हायसं वाटलं. बाप तिथेच फिटर होता. बॉयलर सांभाळणारा माणूस बापाचा जुना सोबती, शिवाय एकाच चर्चमधला. पोराला त्यानेच साहेबांपुढे उभं करून आपल्या हाताखाली चिकटवून दिलं होतं. वर्ष सरायच्या आत बॉयलर फुटला आणि पोरगा गेला. बॉयलरवाला त्या वेळी बॉयलरच्या खोलीच्या दाराबाहेर होता. त्याचा एक कान आणि मानेची कातडी भाजली, तेवढ्यावर तो वाचला.

चौकशी झाली. साहेब लोक सुटले, सगळी चूक बॉयलरवाल्याची ठरली आणि त्याची नोकरी गेली. त्याची बायको मुलांना घेऊन माहेरी गेली ती गेलीच.

चौकशीनंतरच्या पहिल्या रविवारी बॉयलरवाला उपासनेला आला आणि मधल्या एका बाकावर टेकला. त्या बाकावरचं कुटुंब उठून पुढे सरकलं. मागच्या बाकावरचे दोघेही उठले. बाकांचे पाय फरशीवर घासले तेवढाच आवाज. पाळक वेदीपाशी गीतांचं पुस्तक चाळत राहिले, जणू काही घडलंच नव्हतं.

काजवाली पुढच्या रांगेत नवऱ्याशेजारी होती. तिने वळून पाहिलं. तिला त्याची दया आली असं मुळीच नाही. उलट तो पट्टी बांधलेला कान पाहून तिला संतापच आला. याचं कानावर भागलं, आणि माझं लेकरू? पण वयात येताना याच वेदीसमोर गुडघे टेकून तिने प्रभूच्या मागे चालेन असा शब्द दिला होता, आणि मन होईल तेव्हाच चालेन असं काही त्यात म्हटलेलं नव्हतं. प्रभू आत्ता इथे असता तर कुठल्या बाकावर जाऊन बसला असता, हे तिला नको तितकं स्वच्छ कळलं. ती उठली आणि बॉयलरवाल्याच्या शेजारी, हातभर अंतर सोडून बसली.

घरी आल्यावर नवऱ्याने दार लावून घेतलं.

"तू त्याच्या शेजारी नाही बसलीस," तो म्हणाला. "माझ्या पोराच्या उरावर बसलीस."

त्या दिवसापासून नवऱ्याने चर्च सोडलं. अंथरूण बाहेरच्या खोलीत गेलं. पाणी, किल्ली, साबण, असे सुटे सुटे शब्द तेवढे दोघांमध्ये उरले. आणि ती दर रविवारी तिथेच बसत राहिली.

लोकांनी आधी तोंडात बोटं घातली, मग त्यांनाही सवय झाली. कुणी तिला संतीण म्हटलं, कुणी दगडाच्या काळजाची. पाळकांनी एकदा तिला बायकांच्या सभेत क्षमेवर चार शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा तिने सरळ नाही म्हटलं.

"मी माफ केलेलं नाही, पाळकसाहेब. मी फक्त बसते."

पाळकांनी विषय तिथेच सोडला.

अशी काही वर्षं गेली. बॉयलरवाला आणि ती एकमेकांशी बोलत नसत. एका रविवारी मात्र उपासना सुटल्यावर त्याने तिला पायऱ्यांवर थांबवलं. भाजलेली बाजू भिंतीकडे करून तो उभा होता.

"तुम्ही शेजारी बसलात की मला श्वास घेता येत नाही," तो म्हणाला. "दुसरीकडे बसत चला."

"मलाही येत नाही," ती म्हणाली. "पण मग तुम्ही एकटे बसाल."

पुढे त्याचा श्वास खरोखरच अडकायला लागला. उभा जन्म कोळशाच्या धुरात गेलेला, छातीने दगा दिला. रविवारी तो दिसेनासा झाला तेव्हा ती काम सुटल्यावर पत्ता काढत त्याच्या खोलीवर गेली. वरच्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाशी एक अंधारी खोली. एक लोखंडी खाट, खिळ्याला शर्ट, कोपऱ्यात थुंकीचं भांडं. ते भांडं धुऊन तिने पातेल्यात दूध तापवलं, त्यात पाव कुस्करला. दुसऱ्या दिवशीही गेली. मग रोजच दुधाचं पातेलं घेऊन जाऊ लागली. चादर बदलायची, अंग पुसायचं, चमच्याने भरवायचं. नवऱ्याला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला की तिकडचं भांडं माझ्या घरात आणायचं नाही. ती ते पातेलं घराबाहेर नळापाशी ठेवू लागली.

एका संध्याकाळी बॉयलरवाल्याने तिचं मनगट धरलं. त्याला त्या दिवसाबद्दल सांगायचं होतं. तिला ऐकायचं नव्हतं. इतकी वर्षं तिने मुद्दाम विचारलं नव्हतं. पण त्याची पकड सुटेना.

वाफ सोडायची झडप अडकत होती, तो म्हणाला. सकाळीच साहेबांच्या कानावर घातलं होतं. हातातलं काम संपेपर्यंत चालू ठेव, असं त्यांनी सांगितलं आणि त्याने मान हलवली. दुपारी झडप पार जाम झाली. शिडी चढून वर जाऊन ती ठोकायला हवी होती.

"माझे गुडघे दुखत होते. म्हणून पोराला म्हटलं, तू जा. मीच पाठवलं त्याला." त्याला धाप लागली. "तो हसत गेला. म्हणाला, काका, तुम्ही बसा बाहेर."

तिने मनगट सोडवून घेतलं. चमचा पातेल्यात टाकला आणि ते घेऊन जिना उतरून निघून गेली.

नंतरचे काही दिवस ती तिकडे फिरकली नाही. कारखान्यात सुई बोटात गेली तरी तिला कळलं नाही. पांढऱ्या शर्टावर लाल ठिपका दिसला तेव्हा मास्तरने तिच्या हातातून काम काढून घेतलं. प्रार्थनेला बसली की शब्दच फुटेना. देवाला विचारायला तिच्यापाशी एकच प्रश्न होता, आणि तो शिवीसारखा होता. त्या माणसाने तडफडून मरावं असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली नाही. पण दूध तापवायला दुसरं कुणी जाणार नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. शेवटी एका संध्याकाळी ती नळापाशी गेली आणि पातेलं उचललं.

तो घाणीत पडला होता. ओठांना भेगा गेल्या होत्या.

"मला वाटलं, आता तुम्ही येणार नाही."

"मलाही तसंच वाटलं होतं," ती म्हणाली. "कुशीवर वळा."

त्यावर दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत. थंडीच्या सुरुवातीला तो गेला. तिने त्याला आंघोळ घातली, ठेवणीतला शर्ट चढवला, त्याचं तुटलेलं बटण लावलं. कबरस्तानात पाळक, खड्डा खणणारा, खालच्या मजल्यावरचे दोन भाडेकरू आणि ती. त्याच्या बायकोला कळवलं होतं, पण तिकडून कुणी आलं नाही. काजवालीने मूठभर माती टाकली. तिला रडू आलं नाही. मन हलकं झालं असंही नाही.

घरी नवरा बाहेर, नळाच्या पायरीवर बसून होता. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्याने आपणहून विचारलं, बॉयलरवाला पोराबद्दल कधी काही बोलला का. खोटं बोलणं सोपं होतं. तिने जसं ऐकलं होतं तसं सगळं सांगितलं. झडप, साहेब, शिडी, दुखणारे गुडघे. पोरगा हसत गेला, तेही सांगितलं.

नवऱ्याने ठिबकणारा नळ घट्ट पिळून बंद केला.

"गुडघे वाईटच होते त्याचे," तो म्हणाला. "त्याच्याऐवजी पुष्कळदा मीच चढायचो."

मग तो आत गेला. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि पुढचे कितीतरी दिवस पाणी-किल्लीपुरतंही बोलला नाही. आपण घाव पुन्हा उघडा केला, की त्यातलं साचलेलं बाहेर काढलं, हे तिला कळेना.

घरमालकाला खोली रिकामी हवी होती. सुट्टीच्या दिवशी ती झाडू घेऊन गेली. भांडीकुंडी बांधली, फरशी पुसली, खाट मात्र एकटीला हलेना. ती खाटेच्या कडेवर टेकली तोच जिन्यात पावलं वाजली. नवरा दारात उभा होता. त्याने खोलीभर नजर फिरवली, खिळ्यावरच्या जुन्या शर्टापाशी थोडा थांबला, आणि वाकून खाटेचं एक टोक धरलं.

"उचल," तो म्हणाला.

अरुंद जिन्यातून खाट तिरकी करत, भिंतीला घासत, दोघांनी ती खाली उतरवली. रस्त्याच्या कडेला खाट टेकवून त्याने हात झटकले आणि तिची वाट न पाहता घराच्या दिशेने चालू लागला.