नुसता गोंगाट

नव्वदच्या दशकात, कॉलेजात असताना, मी कोल्हापुरातल्या एका कॅसेटच्या दुकानासाठी परीक्षणं लिहायचो. हेवी मेटलची नवी कॅसेट आली की फुकट ऐकायची आणि चार ओळींचा कागद काचेवर डकवायचा. एकदा एका हार्डकोर अल्बमवर मी रुबाबात लिहिलं, 'नुसता गोंगाट!'

दुसऱ्या दिवशी काउंटरला एक म्हशीवाला टेकलेला. पायजम्याला शेण, कानाला हेडफोन, डोळे गच्च मिटलेले आणि मांडीवर थाप चाललेली. मला बघताच हेडफोन काढून गरजला, "ओ पावणं, ह्यो कागद तुमी लिवलाय न्हवं? दिवाळीच्या पाडव्याला शर्यतीत आमी सायलेन्सर काढून गाड्या पळवतो, मागनं म्हशी पळत्यात. पन्नास गाड्या बोंबलत असत्यात, पण माझी म्हस माझ्याच गाडीमागं येत्या. तिला न्हाय गोंगाट वाटत! ही कॅसेट तुमी किती डाव ऐकलीसा?"

एकदाच ऐकली होती. तीही अर्धी.

त्यानं बाहेर जाऊन किक मारली. तीन ठोके आणि एक उचकी, अशी त्याची गाडी वाजायची.

मी कागद फाडला. कॅसेट घरी नेऊन पाच वेळा ऐकली. पाचव्यांदा ड्रमच्या खालून बेस गिटार अशी उसळली की अंगावर सर्रकन काटा आला!

पाडव्याला मुद्दाम म्हशी बघायला गेलो. गाड्यांनी रस्ता दणाणत होता, धुरात काही दिसत नव्हतं. तेवढ्यात कानावर आलं. तीन ठोके, एक उचकी.

"आला! आला!" मी नाचायलाच लागलो.

तो अजून वळणापलीकडंच होता.