आबाजींच्या अंगणातला पारा

आमच्या अमरावतीच्या माती-पाणी तपासणीच्या लॅबमध्ये रिपोर्ट कमी अन् किस्सेच जास्त जमतात. नमुना आणणारा माणूस नमुन्यापेक्षा भारी असतो, त्याला मी काय करू!

शेंदूरजनाघाटचे एक संत्रावाले विहिरीचं पाणी घेऊन आले, तेही देशी दारूच्या बाटलीत. म्हटलं, "काका, बाटली धुवायची ना!"

"उन्हायात बाटल्या धुवाले पानी कुठी हाये, सायेब?"

बडनेऱ्याच्या एक मावशी तर पाणी उकळून, गाळून, वर तुरटी फिरवून घेऊन आल्या. "सायेबाच्या पोटात गेलं तं?" त्यांना वाटलं, तपासणं म्हणजे पिऊन बघणं!

पण सगळ्यांवर कडी केली अकोल्याच्या आबाजींनी. आबाजी झारेकरी. सराफ्यातली झाडलेली धूळ घरच्या अंगणात आणून धुवायची, तिच्यात पारा घोळायचा, सोन्याचे कण पाऱ्याला चिकटले की पारा जाळून सोनं काढायचं. धंदा बंद होऊन जमाना झाला. आता त्यांच्या मुलीला, वर्षाला, त्याच अंगणात बालवाडी काढायची होती. पोरांची नावंसुद्धा आली होती. ती विचारायला आली तेव्हा मी म्हटलं, आधी माती तपासा.

आबाजी स्वतः डबा घेऊन आले. आत चकाचक वाळू!

"धुऊन आनली ना! जनमभर माती धुतली, अन् तुमाले मळकी देऊ काय?"

झालं! शेवटी मीच अकोल्याला गेलो. आबाजी तणतणत होते. "पारा कवाचाच उडून गेला! काहून पोरीचा जीव टांगनीले लावून राहिले?"

मी म्हटलं, पारा कुजत नाही, सडत नाही, मातीत दडून बसतो.

"बसू द्या! पोरं काय माती खातीन?"

"खातात, बाबा," वर्षा म्हणाली. "म्या बी इथलीच खाल्ली असंन."

मोरीजवळ खणलं. खुरप्यावरून एक चकचकीत थेंब टुणकन घरंगळला. वर्षाचे डोळे भरून आले. खरं सांगतो, मलाही लय वाईट वाटलं.

रस्त्यापलीकडे आबाजींची झोपायची खोली होती. तिथली माती साफ निघाली, तसं त्यांनी अंगणाच्या दाराला कुलूप ठोकलं अन् खोलीतली स्वतःची खाट उचलून बाहेर काढली. "पोरं इथी बसतीन."

"अन् तुमी कुठी राहसान, बाबा?"

आबाजी खाट घेऊन अंगणाला लागून असलेल्या जुन्या घराकडे निघाले.

"पारा एवढ्या वर्सात घर सोडून गेला नाई, तं मी कुठी जातो!"