राखीव गोलकीपर

माझा धाकटा भाऊ प्रसेनजीत तालमीच्या फुटबॉल संघात गोलकीपर म्हणून गेला, त्या दिवशी आबांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. सन शहाण्णव असेल. आमच्या गावात कुस्तीच्या तालमींचेच फुटबॉल संघ असतात. आबा म्हणजे आमचे वडील, बाळासो कांबळे, वीज मंडळात लाईनमन. फुटबॉलचं वेड त्यांना लहानपणापासून, पण त्यांच्या तरुणपणी आमच्या वस्तीतल्या पोराला तालमीच्या संघात कुणी विचारलंच नाही. त्यामुळे पोराच्या अंगावर जर्सी चढली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

जर्सी चढली, पण खेळ काही वाट्याला आला नाही. संघाचा पहिला गोलकीपर सयाजी. उंचापुरा, मांजरासारखा चपळ. बाकीच्या बदली पोरांना निदान शेवटी शेवटी थोडा वेळ उतरवतात. राखीव गोलकीपरला कोण उतरवणार? प्रसेनजीत सामन्याआधी सयाजीकडे चेंडू मारून त्याचा सराव करून घ्यायचा आणि शिट्टी वाजली की बाकावर येऊन बसायचा. आबा आपली सुट्टी सामन्याच्या दिवशी फिरवून घेत. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून ते सामना कमी आणि बाक जास्त बघत. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. शेजारच्या माणसानं विचारलं, "पावणं, तुमचं पोरगं कंचं?" आबांनी बाकाकडे बोट केलं. "असं व्हय," म्हणून तो माणूस पुन्हा मैदानाकडे बघायला लागला.

घरी आई चिडायची. "आडनाव बघून बसवत्यात माझ्या पोराला."

प्रसेनजीत ताटावरची मान वर न करता म्हणायचा, "न्हाय गं आई. सयाजी चांगलाच खेळतोय."

मला एकटीला मात्र तो म्हणाला होता, "आक्का, आडनावामुळं असतं तर भांडलो असतो की. आता कुणाशी भांडू?"

पुढं एका लहान तालमीची माणसं घरी आली. त्यांचा संघ खालच्या गटातला, पण त्यांना गोलकीपर हवा होता. पहिल्या सामन्यापासून तूच उभा राहायचास, म्हणाले. प्रसेनजीतच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आलं! आबांचा चेहरा मात्र उतरला. माणसं गेल्यावर ते म्हणाले, "तिकडं कोण बघतंय तुला? सयाजी काय जल्मभर खेळणार हाय व्हय?"

"आबा, मला खेळायचं हाय. बसायचं न्हाय."

"एवढा हंगाम काढ. माझ्यासाठी काढ."

आबा कधी कुणाकडे काही मागत नसत.  त्या आठवड्यात सकाळचा सराव करून आला की प्रसेनजीत नुसता उंबऱ्यावर बसून राहायचा, चहा निवून जायचा. शेवटी त्यानं लहान तालमीला नाही म्हणून कळवलं.

मार्चमधली गोष्ट. संघ चार गोलांनी पुढं होता, सामना संपत आला होता. अचानक गणपतरावांनी, म्हणजे संघाच्या प्रशिक्षकांनी, सयाजीला बाहेर बोलावलं आणि प्रसेनजीतला आत पाठवलं. गॅलरीत आबा ताडकन उभे राहिले आणि शिट्टी होईपर्यंत खाली बसलेच नाहीत. चेंडू प्रसेनजीतकडे एकदाच आला, तोही आपल्याच खेळाडूनं मागं ढकललेला. त्यानं तो पायानं अडवला, लांब मारला. एवढाच त्याचा खेळ.

तालमीत कपडे बदलताना सयाजी सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझा बाप परवा मामांच्या दारात जाऊन बसलाता. म्हणून उतरवलं तुला." गणपतरावांना पोरं मामा म्हणायची.

प्रसेनजीत घरी आला तेव्हा आबांनी जिलेबी आणली होती. कागद अजून सोडायचा होता.

"आबा, तुम्ही मामांकडं गेलता?"

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. "गेलतो."

"माझ्यासाठी?"

"व्हय."

"भीक मागाय गेलतासा?"

आबांचे ओठ हलले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. पण त्यांनी जिलेबीचा पुडा फळीवर ठेवला आणि चप्पल घालून ते बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी प्रसेनजीतनं जर्सी धुतली, इस्त्री केली आणि तालमीत नेऊन दिली. लहान तालमीची माणसं कळताच पुन्हा आली. त्यांनाही तो म्हणाला, "खेळच सोडला मी." मी समजावलं, आईनं समजावलं. त्यानं ऐकलं नाही. नंतर आयटीआय केलं, शिरोलीला कारखान्यात लेथवर लागला, लग्नही झालं. आबांनी स्टेडियमवर जाणं बंद केलं. सुट्टीच्या दिवशी ते घरातला चांगला चालणारा पंखा खोलून बसत. बाप-लेकांत भांडण असं नव्हतं. बाजारात काय आणायचं, बिल भरलं का, एवढंच बोलणं. बाकीचं सगळं संपलं होतं.

दोन हजार पाचला आबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. प्रसेनजीत त्यांना न्हाऊ घालायचा, दाढी करायचा, कामावरून येऊन हातापायांना तेल चोळायचा. कधी कंटाळला नाही. आबा त्याच्याकडे एकटक बघत राहायचे. दुसऱ्या वर्षी ते गेले.

गणपतराव भेटायला आले.  म्हणाले, "प्रसेनजीत, तुला एक सांगायचं हाय. तवा बाळासो माझ्याकडं आलता, ते तुला उतरवा म्हणाय न्हाय. 'पोरगं माझ्यापायी अडकून पडलंय. ते कधी पहिला गोलकीपर हुईल का, खरं सांगा. हुणार नसंल तर मीच त्याला सोड म्हणतो,' असं विचाराय आलता. मी म्हटलं, कष्टाळू हाय, पण हुणार न्हाय. तसाच उठून गेला. माझ्याच मनाला लागलं, म्हणून त्या दिवशी तुला उतरवलं."

"मग आबा बोललं का न्हाईत?" मी विचारलं.

"जर्सी परत आली तवा मी त्याला म्हटलंतं, पोराला खरं काय ते सांगतो. तर हात जोडलं त्यानं. 'नगासा. माझ्यावर रागावू दे. पर तू कमी पडलास, असं त्याला कुणी सांगू नगासा.'"

प्रसेनजीतनं गणपतरावांना चहा दिला. कोपऱ्यापर्यंत पोचवून आला. मग आबांच्या कॉटवर टेकला.

"आक्का," तो म्हणाला, "मी सयाजीएवढा न्हाय, हे मला पहिल्यापास्नं ठावं होतं की. ते लपवून काय करायचं होतं त्यास्नी?"

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझा हात बाजूला करून तो उठला, मोरीत गेला आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिला. आईनं आतून दोनदा हाक मारली, जेवायला वाढलंय म्हणून. त्यानं दोन्ही वेळा ओ दिली, पण तो बाहेर आला नाही.