कॉफीत धुतलेले आईचे फोटो

मी शाळेत चित्रकला शिकवते आणि रविवारी बाथरूममध्ये फोटो धुते. कशात, तर कॉफीत. हे सांगितलं की लोक माझ्याकडे जरा दयेनंच बघतात. पाण्यात झटपट कॉफीची पूड, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या कुटून टाकायच्या, एवढ्यावर कागदावर फोटो उमटतो. कागद मला एका स्टुडिओवाल्यानं दिला. स्टुडिओ कधीच बंद करून आता तो मोबाइलची कव्हरं विकतो. जुनी पाकिटं आणि फोटो पक्का करायचा हायपो माझ्या पिशवीत कोंबत म्हणाला, "न्या की, हितं उंदरं खात्यात."

सोडा पडला की कॉफीला असा वास सुटतो की नाक धरून बसावं. आईचा त्याला कडाडून विरोध. "चार वेळा च्या होनारं घर हे. कॉफी आणायची, आणि तीबी प्यायची न्हाय, मोरीत वतायची!" वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, त्यामुळे तिची सगळी भांडणं माझ्याच वाट्याला येतात.

कॅमेरा म्हणजे बिस्किटाचा पत्र्याचा डबा. आत कागद, पुढे सुईनं पाडलेलं भोक, भोकावर चिकटपट्टी. पट्टी काढायची आणि समोरच्या माणसानं भर उन्हात दोनेक मिनिटं हलायचं नाही. कोल्हापुरात दोन मिनिटं गप्प बसणारा माणूस शोधून सापडत नाही, म्हणून मी आईला धरलं. पायरीजवळ खुर्ची टाकली, ती हात मांडीवर ठेवून ऐटीत बसली.

डब्यातला कागद उलटा निघतो, काळ्याचं पांढरं. तो दुसऱ्या कागदावर ठेवून वर काच दाबायची, क्षणभर दिवा लावायचा आणि तो दुसरा कागद कॉफीत सोडायचा. लाल दिव्याच्या उजेडात ताटलीत आधी चौकट आली, मग लुगड्याचा काठ, खुर्ची, पाण्याचं पिंप. आईचा चेहरा आला. डावा हात बांगड्यांसकट आला. उजवा आलाच नाही. त्या जागी फळ्यावर डस्टर फिरवल्यावर राहतो तसा पांढुरका पट्टा होता.

डब्यात कुठून तरी उजेड शिरला असणार, असं म्हणत मी बाहेर आले. आई टीव्ही बघत होती. उजवा हात पदराखाली होता आणि पदर हलत होता.

"कधीपासनं हे?"

"काय कधीपासनं? वारं हाय की पंख्याचं."

पंखा बंद होता. मला इतका राग आला की मी तिच्यावर ओरडले, आणि मग कुणावर ओरडायचं ते कळेना म्हणून स्वयंपाकघरात जाऊन रडले.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी थोडा आवरेल, पण सावकाश वाढतच जाईल, असंही सांगितलं. आईनं डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं काहीही मनावर घेतलं नाही. तिचा विश्वास बसला तो माझ्या डब्यावर.

एव्हाना तिची भाकरी हातातून निसटायला लागली होती. परातीत थापायला घेतली की कड फाटायची. मला भाकरी कधीच जमली नाही, म्हणून मी पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईंकडून आणायला लागले. आई त्या भाकरीला हात लावत नसे. भात खायची, नाहीतर स्वतः थापलेले तुकडे दुधात कुस्करून खायची. तिचं म्हणणं एकच होतं. डब्यातल्या फोटोत हात आला की गोळ्या लागू पडल्या, आणि मग ती बाहेरची भाकरी या घरात दिसता कामा नये.

मी फोनवर तिचा फोटो काढून दाखवला. त्यात हात अगदी नीट दिसत होता. "त्यो फोन डोळा मिचकावल्यागत काढतोय," ती म्हणाली. "डबा बसून बघतोय. त्येला फसवता येत न्हाय." बरोबरच होतं तिचं.

मग गोळी बदलली, की पुढच्या रविवारी नवं लुगडं नेसून ती खुर्चीत हजर. मी पट्टी काढायची आणि ती स्वतःच्या हाताकडे अशी डोळे वटारून बघायची, की शाळेतलं वांड पोर असतं तर गार पडलं असतं. नंतर मी बाथरूममध्ये आणि ती दाराबाहेर.

"आलं का गं?"

"थांब, येतंय."

येत काही नसे. मी बोटानं कोमट कॉफी त्या एका जागेवर परत परत लोटायची, जणू चोळून चोळून हात वर येणार होता. पट्टा प्रत्येक वेळी थोडा रुंदच झालेला असे. बाहेर येऊन मी कागद तिच्या हातात द्यायची. "मी हाल्लोच न्हाय," ती म्हणायची. "तुझी कॉफीच हलकी हाय."

झोपेत तिचा हात थांबतो. एका दुपारी ती खिडकीतल्या उन्हात झोपली होती आणि हात चादरीवर अगदी निवांत पडलेला. मी डबा आणला, समोर मांडलासुद्धा. पण डोळे मिटलेल्या, न हलणाऱ्या आईचा फोटो आपण धुतोय, हे मनात आलं. डबा उचलून परत ठेवून दिला.

शेवटी युक्ती तिनंच काढली. "तू धर. घट्ट धर. मग कुठं जातोय बघू."

मी पट्टी काढून पळत जाऊन तिच्याशेजारी स्टुलावर बसले आणि तिचा हात दोन्ही हातांत आवळून धरला. माझ्या मुठीत तो थरथरत होता. मी दात आवळले, सगळा जोर लावला. मला वाटलं, थांबवला. तिलाही वाटलं. "आता?" असं हाताला म्हणून ती हसली.

त्या दिवशी ती दाराबाहेर थांबली नाही. आत येऊन पालथ्या बादलीवर बसली, वासाबद्दल चकार शब्द न काढता. मी कागद कॉफीत सोडला. चौकट आली. तिचा चेहरा आला, माझा आला, दोघींचे कसे स्वच्छ. खाली मांडीवर मात्र रुंद पांढुरका पट्टा होता. तिचा हात नव्हता, आणि मनगटापासून पुढे माझेही दोन्ही नव्हते.

आई ताटलीवर वाकली.

"तुझंबी गेलं की गं," ती म्हणाली.

कागद उचलून हायपोत टाकायचा होता, ते मला सुचेना. ती भिंतीला धरून उठली आणि दाराची कडी काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्यापास्नं त्या भाकरीच्या बाईला माझ्याबी दोन सांग."