ब्रेकच्या पिनेला कुंकू

मंडळी, घाईत लिहितोय, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

आमच्या अंबडच्या वर्कशॉपला लष्करी गाड्यांच्या ब्रेकच्या पिनांचं पहिलं सरकारी कंत्राट मिळालंय. आज तपासणी होती. मालकीणबाईंनी, म्हणजे माझ्या बायकोने, सर्वात देखणी पिन निवडून हळदकुंकू वाहिलं. मंत्रविभाग माझ्याकडे.

तपासनीस साहेबांनी ती पिन उचलली. "हा गंज?"

"कुंकू आहे साहेब," बायको म्हणाली.

"मग ही देव्हाऱ्यात ठेवा ताई. मी पेटीतली कुठलीही घेणार."

त्यांनी पेटीच्या तळाशी हात घातला आणि मला एकही मंत्र आठवेना. नमुने प्रयोगशाळेत गेलेत. एक जरी नापास झाला, तर सगळा माल परत.

"त्याची भीती नाही हो," बायको आत्ता म्हणाली. "ते पास करतील आणि घाटात एखादी तुटेल, त्याची आहे."

सैन्याला माल पुरवणाऱ्यांनो, तुम्हाला झोप कधीपासून लागली?